गोव्यात गाडीने फिरताना विमानतळाजवळ मुक्काम कुठे करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सावंतवाडीची. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पुण्या-मुंबईचे नातेवाईक, नागपूरची बहीण, बंगळुरूचा भाचा आणि त्यांचे मित्र यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. विमानाने येऊन गाडी भाड्याने घेणारे असोत, नाहीतर स्वतःच्या गाडीने येऊन कुणाला विमानतळावर सोडणारे, मुक्कामाची जागा निवडताना चुका त्याच त्याच होतात. म्हणून उत्तरे एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

तिकिटावर नुसते 'गोवा' लिहिले आहे. नेमका कोणता विमानतळ?

हॉटेल शोधण्याआधी हे पाहाच. गोव्यात दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळीचा, वास्कोजवळ, दक्षिणेकडे. नवा मोपाचा, उत्तरेला पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. मोपाच्या विमानतळाला मनोहर पर्रीकरांचे नाव दिले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली.

तिकिटावर तीन अक्षरी संकेत असतो. दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. शेवटचे अक्षर 'आय' की 'एक्स' एवढाच फरक, आणि तो नजरेतून सहज निसटतो. एकच कंपनी काही विमाने इथून, काही तिथून सोडते. त्यामुळे येताना मोपा आणि जाताना दाबोळी असेही होऊ शकते. दोन्ही तिकिटे वेगवेगळी उघडून पाहा.

२०२३ च्या मे महिन्यात माझ्या बहिणीने परतीच्या आदल्या रात्रीसाठी 'विमानतळाजवळ' म्हणून दाबोळीजवळच्या चिखलीत खोली घेतली. विमान मोपाहून होते. रात्री साडेदहाला सामान बांधताना भाच्याच्या ते लक्षात आले. दोन लहान मुलांना झोपेतून उठवून ती सगळी एक वाजता निघाली. विमान मिळाले, पण त्या रात्री कुणी झोपले नाही आणि भाड्याची गाडी परत देण्याच्या जागेवरही खूप धावपळ झाली. त्या दिवसापासून मी फोनवर सगळ्यांना आधी तिकिटावरचे शेवटचे अक्षर वाचायला लावते.

दोन्ही विमानतळांत अंतर किती?

रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर. पण गोव्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, वाटेत नद्या किती हे मोजावे लागते. मोपाहून दाबोळीला जाताना कोलवाळला शापोरा, पणजीला मांडवी आणि कुठ्ठाळीला झुआरी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात. पूल आहेत, चांगले आहेत. झुआरीच्या नव्या पुलाची एक बाजू २०२२ च्या अखेरीस आणि दुसरी २०२३ च्या अखेरीस खुली झाली आणि तिथली जुनी जीवघेणी कोंडी कमी झाली. पण सगळी वाहतूक पुलांच्या तोंडाशी येऊन एकत्र होते. त्यात पर्वरीत २०२४ पासून उन्नत मार्गाचे काम सुरू झाले, त्याने म्हापसा ते पणजी हा पट्टा बेभरवशाचा झाला. पहाटे दीड तासात होणारा हा प्रवास संध्याकाळी अडीच तास घेऊ शकतो.

म्हणून मुक्काम निवडताना मी एकच कसोटी लावते: विमानतळ आणि मुक्काम मांडवी-झुआरीच्या एकाच अंगाला आहेत का? असतील तर दहा-पंधरा किलोमीटर इकडे-तिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही. नसतील तर नकाशावर जवळ दिसणारी जागाही लांबच समजा.

पण विमानतळाजवळ राहायलाच हवे का?

बहुतेक रात्री नको. गाडी हाताशी असताना तर मुळीच नको. विमानतळाजवळची खोली एकाच कामाची असते, ती तुम्हाला दोन-तीन तास जास्त झोप देते. मध्यरात्री उतरत असाल किंवा पहाटे उडत असाल तेव्हा त्या झोपेचे मोल मोठे आहे. चार दिवसांची सहल असेल तर त्यातली जास्तीत जास्त एक रात्र, क्वचित दोन, विमानतळाच्या हिशेबाने निवडाव्यात. बाकीच्या जिथे मन रमेल तिथे.

लोक नेमके उलटे करतात. 'मध्यवर्ती' म्हणून सगळ्या रात्री एकाच ठिकाणी घेतात आणि रोज दीड-दोन तास रस्त्यावर घालवतात. पाळोळ्याचा समुद्र पाहायचा असेल तर काणकोणात राहा. मोपाहून ते सुमारे शंभर किलोमीटर आहे, रोज जा-ये करण्यासारखे नाही. मुक्काम हलवायला कंटाळू नका. गाडी आहे, सामान डिकीतच राहते.

विमान पहाटे ५:४० चे, मोपाहून. शेवटची रात्र कुठे काढावी?

उलटा हिशेब करा. देशांतर्गत उड्डाणाची सामान देण्याची खिडकी बहुतेक कंपन्या ६० मिनिटे आधी बंद करतात, म्हणजे ४:४० ला. रांगेसाठी तासभर धरला तर ३:४० ला दारात हवे. भाड्याची गाडी परत द्यायची असेल तर तिच्यासाठी अर्धा तास, म्हणजे ३:१०. आता यातून रस्त्याचा वेळ वजा करा. हरमलहून पाऊण तास धरला तर अडीचच्या आत निघायचे. कळंगुटहून तासभर, म्हणजे दोनला. पाळोळ्याहून निघायचे तर रात्री साडेबाराला, म्हणजे झोपलात काय न झोपलात काय, सारखेच.

मोपासाठी तीन-चार पर्याय आहेत आणि प्रत्येकाची वृत्ती वेगळी.

पेडणे आणि धारगळ हे सर्वांत सोपे. धारगळला राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून विमानतळाकडे जाणारा सहा पदरी जोडरस्ता निघतो, सात-एक किलोमीटरचा. एकदा त्यावर चढलात की चुकायला जागा नाही. या भागात समुद्र नाही, रात्रीची वर्दळ नाही. जेवायला महामार्गावरची एखादी खानावळ शोधावी लागते आणि ती दहापर्यंत बंद होऊ शकते. फक्त झोपायचे असेल तर मी हेच सुचवते.

बांदा महाराष्ट्रात आहे, हद्दीवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे. नकाशावर मोपाला अगदी चिकटून दिसते. पण महामार्गाने गेलात तर आधी विमानतळाच्या पुढे धारगळपर्यंत खाली जाऊन मग जोडरस्त्याने पुन्हा वर यावे लागते. आतून गावातले रस्तेही आहेत, दिवसा ते सुंदर आहेत. पहाटे तीनला, अंधारात, अनोळखी माणसाने त्या वळणांवर जाऊ नये. वीस मिनिटे वाचवायला जाल आणि एखाद्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी गाडी उलटी वळवत बसाल.

सावंतवाडी आणखी वर, सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरवर. माझे गाव म्हणून सांगत नाही, पण जाण्याआधीची संध्याकाळ इथे छान जाते. मोती तलावाच्या काठी फिरा, राजवाड्यात गंजिफाचे रंगवलेले पत्ते पाहा, चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी घ्या, मासे जेवा आणि लवकर झोपा. खोल्यांचे दर गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा बरेच उतरलेले असतात. पहाटे महामार्ग मोकळा असतो, तासाभराचा वेळ हाताशी ठेवला की पुरतो. अडचण एकच: गाडी गोव्यात भाड्याने घेतलेली असेल तर हद्द ओलांडण्याचा प्रश्न येतो. त्याचे उत्तर खाली आहे.

समुद्र सोडवतच नसेल तर मांद्रे, मोरजी, हरमल किंवा हद्दीपलीकडे शिरोडा-रेडी. मांद्रे आणि मोरजीहून पाऊण तास धरा. शिरोड्याला राहिलात तर मिठागरे पाहून घ्या. १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह तिथलाच आणि आजही पांढऱ्या मिठाच्या राशी तिथे दिसतात. मात्र तेरेखोलच्या फेरीबोटीवर पहाटेचा प्रवास बेतू नका. ती दिवसाची मौज आहे.

विमान दाबोळीहून असेल तर?

मग काम सोपे आहे, कारण दाबोळीच्या आसपास वस्ती जुनी आणि दाट आहे. चिखली आणि दाबोळी गावात दहा-पंधरा मिनिटांवर खोल्या मिळतात. बोगमाळोचा किनारा विमानतळापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. छोटासा, उपसागरासारखा वळलेला. शेवटची संध्याकाळ समुद्रावर आणि पहाट विमानात, हे जमवायचे असेल तर यासारखी जागा दोन्ही विमानतळांच्या भोवती दुसरी नाही. वास्को शहरात व्यापारी पेठेतली साधी लॉज आहेत. तिथे गाडी लावायला जागा आहे का, हे आधी विचारा, पेठेतले रस्ते अरुंद आहेत.

अर्धा-पाऊण तास चालत असेल तर माजोर्डा, कोलवा, बाणावली हा पट्टा घ्या. नदी आड येत नाही. मडगाव पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि रेल्वेने येणारे कुणी बरोबर असेल तर तेही सोयीचे.

दाबोळी हा मुळात नौदलाचा 'हंसा' तळ आहे. नौदलाच्या सरावासाठी तिथे कामाच्या दिवशी सकाळच्या वेळेत नागरी विमानांवर बंधने राहत आली आहेत, म्हणून दुपारनंतर आणि रात्री विमानांची गर्दी होते. झोप सावध असेल तर धावपट्टीच्या रेषेतली खोली घेऊ नका. आणि तळाच्या आसपास फोटो काढू नका, तिथे मनाई आहे.

आम्ही रात्री अकराला उतरतो. गाडी घेऊन लगेच पुढे निघावे का?

नको. याबद्दल मी हट्टाने बोलते. दिवसभराच्या थकव्यानंतर, अनोळखी गाडीत, अनोळखी रस्त्यावर, अंधारात. कोकण-गोव्यातल्या रस्त्यांवर रात्री गुरे बसलेली असतात, खास करून पावसात, कारण डांबर उबदार आणि कोरडे असते. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिव्याच्या झोतात येईपर्यंत दिसत नाही.

पहिली रात्र विमानतळापासून अर्ध्या तासात काढा आणि गाडी सकाळी ताब्यात घ्या. रात्री टॅक्सीने मुक्कामी जा. मुंबई-पुण्यासारखी ओला-उबरची सवय इथे उपयोगी पडत नाही. विमानतळावरच्या खिडकीवर आगाऊ पैसे भरून टॅक्सी मिळते, टॅक्सीसाठी गोवा माइल्सचे ॲप आहे आणि कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसही विमानतळावरून पणजी, मडगाव, म्हापशाकडे जातात. रात्रीच्या बसची वेळ आदल्या दिवशी खात्री करून घ्या.

सकाळी गाडी घेण्याचा आणखी एक फायदा आहे. उजेडात तिच्यावरचे ओरखडे दिसतात. चारही बाजूंनी, टायर आणि काचांसकट, व्हिडिओ काढा आणि मालकासमोर काढा. रात्री मोबाइलच्या दिव्यात घेतलेल्या गाडीवरचा जुना पोचा परत देताना तुमच्या खात्यावर पडतो. आमच्या घरातल्याच एकाने असे तीन हजार रुपये भरले आहेत.

भाड्याची गाडी कशी ओळखावी? ती महाराष्ट्रात आणता येते का?

नंबरपाटी पाहा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. चालकासह येणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरे काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. ते बेकायदा आहे, पोलीस थांबवतात, आणि अपघात झाल्यास विमा हात वर करू शकतो. दोनशे-तीनशे रुपयांच्या फरकासाठी एवढी जोखीम घेऊ नये.

राज्याबाहेर नेण्याबद्दल: बरेच गाडीमालक गोव्याबाहेर नेऊ देत नाहीत, काही वेगळे पैसे घेऊन देतात. सावंतवाडी, शिरोडा, बांदा इथला मुक्काम ठरवायचा असेल तर खोली घेण्याआधी गाडीमालकाकडून संमती घ्या आणि ती संदेशात लेखी ठेवा. तोंडी 'चलता है' हद्दीच्या नाक्यावर चालत नाही.

आम्ही कोल्हापूरहून स्वतःच्या गाडीने येणार. अमेरिकेतून येणाऱ्या मुलाला आणि सुनेला मोपाला घ्यायचे आहे. काय बेत करावा?

आदल्या दिवशी या. आजरा-आंबोलीमार्गे येत असाल तर आंबोलीचा घाट दुपारी चारच्या आत उतरा. धुके आणि पाऊस तिथे संध्याकाळ लवकर करतात. बेळगावकडून चोर्ला घाटाने उतरणार असाल तर साखळी-डिचोलीवरून पेडण्याकडे वळता येते. घाट उतरून त्याच रात्री विमानतळ गाठायचा आणि पुन्हा त्याच रात्री घाट चढायचा, असा बेत बरेच आई-वडील प्रेमापोटी करतात. पासष्टीच्या पुढच्या माणसाने तर हे करूच नये. सावंतवाडीत किंवा पेडण्यात दोन रात्रींची खोली घ्या. मुले आली की तीही तिथेच येऊन झोपतील, त्यांचे दिवस-रात्रीचे चक्र तसेही उलटे झालेले असते.

खोली घेताना मालकाला आधीच सांगा की पाहुण्यांपैकी कुणाचा पासपोर्ट परदेशी आहे. अशा पाहुण्याची नोंद मालकाला 'सी फॉर्म'वर २४ तासांच्या आत करावी लागते. मोठ्या हॉटेलांना याची सवय असते. लहान घरगुती निवासांकडे कधी त्याची सोय नसते आणि मग रात्री एक वाजता दारात उभे राहून 'आम्ही ठेवू शकत नाही' हे ऐकावे लागते. पासपोर्ट भारतीय असेल तर हा प्रश्न येत नाही.

आणि डिकी मोजा. परदेशातून येणाऱ्या दोन माणसांच्या चार मोठ्या बॅगा असतात. तुम्ही दोघे, ते दोघे आणि चार बॅगा हॅचबॅकमध्ये मावत नाहीत. बॅगा एका टॅक्सीत मुक्कामावर आणा आणि पुढच्या प्रवासासाठी आधीच कॅरियर बसवून घ्या.

जाहिरातीत 'विमानतळापासून ५ किमी' लिहिले आहे. विश्वास ठेवावा?

ते अंतर बऱ्याचदा सरळ रेषेत मोजलेले असते, आणि कधी कधी भलत्याच विमानतळापासून. मोपा सड्यावर, म्हणजे उंच पठारावर आहे, खालच्या गावातून वर चढायला रस्ता कुठून आहे त्यावर सगळे अवलंबून. दाबोळीच्या बाबतीत खाडीपलीकडचे गाव पाच किलोमीटरवर दिसेल आणि रस्त्याने वीस भरेल.

मी असे करते. नकाशाच्या ॲपमध्ये निघण्याची वेळ तुमच्या खऱ्या वेळेवर लावते, पहाटे तीन किंवा संध्याकाळी सहा, आणि मग रस्ता पाहते. आता दुपारी घरी बसून दिसणारा वेळ कामाचा नाही. मग अभिप्रायांमध्ये 'पहाटे', 'चेक-आउट', 'गेट' असे शब्द शोधते. आणि शेवटी फोन करते. फोन केल्याशिवाय मी कधीच पैसे भरत नाही.

फोनवर विचारते ते हे: पहाटे तीनला फाटक कोण उघडेल, त्याचा नंबर मिळेल का? बिल रात्रीच चुकते करता येईल का? त्या वेळी गरम पाणी असेल का, गिझर खोलीत आहे की सौर? सौर असेल तर पहाटे पाणी कोमटच असते. आमची गाडी दुसऱ्या कुणाच्या गाडीमागे अडकणार तर नाही? या प्रश्नांना पटापट उत्तरे देणारा माणूस चांगला यजमान असतो. 'या हो, बघू' म्हणणाऱ्याकडे पहाटेच्या विमानाआधीची रात्र काढू नका, बाकी कितीही गोड असला तरी.

पार्किंगबद्दल काय पाहावे?

माडाखाली गाडी लावू नका. पडलेला नारळ काच फोडतो, टप चेपवतो, आणि ती भरपाई मागायला माणूस सापडत नाही. घराची जागा कितीही सुरेख असली तरी वर एकदा पाहा.

किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये चिऱ्याच्या कुंपणांमधून जाणाऱ्या वाटा इतक्या अरुंद असतात की मोठी गाडी समोरून आली तर पन्नास मीटर मागे जावे लागते. सात आसनी गाडी असेल तर यजमानाला तिचे नाव सांगून 'आत येईल का' विचारा. पावसात मातीच्या अंगणात चाक रुतते. आदल्या रात्रीच गाडी तोंड बाहेर करून, कठीण जमिनीवर लावून ठेवा.

स्वतःची गाडी विमानतळावर ठेवून चार दिवस बाहेर गेलो तर?

दोन्हीकडे वाहनतळ आहेत, पण दर तासांवर किंवा दिवसांवर चढतात आणि चार-पाच दिवसांत ते खोलीच्या भाड्याएवढे होऊ शकतात. शेवटच्या रात्रीच्या यजमानाला विचारून पाहा. जागा असेल तर बरेच जण थोड्या पैशांत, कधी फुकटही, गाडी ठेवू देतात आणि विमानतळावर सोडण्याची व्यवस्था करतात. चावी देणार असाल तर किलोमीटरचा आकडा दोघांनी मिळून पाहून ठेवा.

परतीचे विमान रात्री नऊचे आहे आणि खोली सकाळी अकराला सोडावी लागते. दिवस कुठे घालवायचा?

शक्यतो विमानतळाच्या अंगालाच. मोपा असेल तर सकाळी पेडण्याची मंदिरे, नाहीतर सावंतवाडीचा राजवाडा, किंवा शिरोडा-रेडी आणि रेडीच्या गणपतीचे दर्शन. दाबोळी असेल तर फोंड्याचे मंगेशी आणि शांतादुर्गा, येताना जुने गोवे, आणि मग झुआरीचा पूल संध्याकाळी पाचच्या आत ओलांडायचा. पूल ओलांडला की पुढे कुठेही रेंगाळा. डिकीत सामान असताना गाडी किनाऱ्यावरच्या निर्जन जागी सोडून पोहायला जाऊ नका, काचा फुटतात.

लहान मूल किंवा वयस्क माणूस बरोबर असेल तर एक जास्तीचा दिवस खोली ठेवणे किंवा यजमानाकडून अर्ध्या दिवसाचे पैसे ठरवून घेणे चांगले. अंघोळ करून, जेवून, तासभर पडून निघालेली आजी आणि सहा तास गाडीत अवघडून बसलेली आजी, यांचा पुढचा प्रवास अगदी वेगळा होतो.

देवदर्शनाला आलेल्यांसाठी काही वेगळा पर्याय?

आहे, आणि तो फार थोड्यांना सुचतो. फोंडा तालुक्यातल्या मोठ्या देवस्थानांत भाविकांसाठी अग्रशाळा असतात. खोल्या साध्या, स्वच्छ, भाडे माफक. आपल्याकडची बरीच घराणी ज्यांना कुलदैवत मानतात ते मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा, नागेश सगळे याच पट्ट्यात. खोली आधी देवस्थानाच्या कार्यालयात फोन करून ठेवावी. जत्रेच्या दिवसांत मिळणे कठीण. रात्री फाटक ठरावीक वेळेला बंद होते, म्हणून पहाटेच्या विमानाआधीच्या रात्रीसाठी ही जागा नाही. सकाळी दर्शन घेऊन दुपारनंतरचे विमान असेल तर मात्र यासारखी शांत रात्र नाही.

चिपीच्या विमानतळाचा उपयोग होईल का?

मालवण, वेंगुर्ला, कुडाळ करायचे असेल आणि तारीख जुळली तर जरूर. वेंगुर्ले तालुक्यातला परुळे-चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. उड्डाणे मोजकी आहेत, वेळापत्रक बदलत असते. तिथून येणार असाल तरी परतीसाठी मोपाचा पर्याय मनात ठेवा आणि वेंगुर्ल्यात मुक्काम करा, तिथून दोन्ही विमानतळ पेलतात.

पावसाळ्यात आणि गणपतीत काय बदलते?

जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरचे शॅक बंद असतात, खोल्या स्वस्त होतात आणि हा परिसर सर्वांत सुंदर दिसतो. मला स्वतःला हाच काळ आवडतो. पण वेळेचा हिशेब सैल ठेवा. घाटात दरड येऊ शकते, वीज जाऊ शकते. यजमानाकडे इन्व्हर्टर आहे का, हे विचारा.

गणपतीच्या दिवसांत अनेक घरगुती निवास बंद असतात, कारण घरात चाकरमानी भरलेले असतात. मुंबई-गोवा महामार्गही त्या आठवड्यात माणसांनी वाहतो. तेव्हा विमान पकडायचे असेल तर आदल्या रात्री विमानतळाच्या अर्ध्या तासाच्या आत असणे गरजेचे समजा.

३१ डिसेंबरच्या आठवड्यात?

दोन-तीन महिने आधी खोली घ्या. कळंगुट-बागा पट्ट्यातून विमानतळाला निघणार असाल तर नेहमीच्या दुप्पट वेळ धरा. जमले तर शेवटची रात्र पेडण्यात घ्या आणि ती गर्दी मागे सोडा.

खोलीवर कर किती लागतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. सांगितलेला दर करासहित आहे की करावेगळा, हे आधी विचारा.

पेट्रोल कुठे भरावे?

गोव्यात महाराष्ट्रापेक्षा पेट्रोल स्वस्त असते. स्वतःच्या गाडीने परतणार असाल तर पत्रादेवीच्या अलीकडे, गोव्याच्या बाजूला टाकी भरा. भाड्याची गाडी असेल तर घेतानाचा काटा जिथे होता तिथवरच भरा, आणि हे आदल्या संध्याकाळी उरका. पहाटे तीनला उघडा पंप शोधत फिरणारी बरीच कुटुंबे मी पाहिली आहेत. आणि डिकीत गोव्याची दारू असेल तर परवाना जवळ ठेवा, इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात.